उघडा ग्रंथ

मराठी माणसाच्या घरात बहुधा एखादा तरी ग्रंथ असा असतो की, तो घरात आहे याचे समाधान सर्वांना असते. पण तो उघडण्याचा प्रसंग मात्र क्वचितच येतो. कोठे तांबड्या फडक्यात बांधून ठेवलेली ज्ञानेश्वरी असते, कोठे पणजोबांच्या वेळची तुकारामांची गाथा असते, तर आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी काळ्या पुठ्ठ्याचे मराठी बायबल असते. घरातील जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या तारखा त्याच्या कोऱ्या पानावर आजोबांच्या वळणदार अक्षरात नोंदलेल्या असतात. अशा ग्रंथाविषयी आपल्या मनात आदर असतो आणि तो असावाच. परंतु आदर निराळा आणि वाचन निराळे. ग्रंथाला नमस्कार करून कपाटात ठेवणारे पुष्कळ. तो उघडून, एकेका ओळीवर बोट ठेवून, ‘हे मला काय सांगत आहे?’ असे स्वतःस विचारणारे थोडे.

आम्ही शिक्षक असल्यामुळे हा भेद आम्हांस वर्गात रोज दिसतो. मूळ धडा न वाचता त्यावरील ‘गाईड’ वाचून उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या काही लहान नाही. कवितेचा मध्यवर्ती विचार तो पाच ओळींत बिनचूक लिहून देतो. मात्र ‘ही कविता तुला कशी वाटली?’ असे विचारले की तो खाली मान घालतो. कारण कवितेची आणि त्याची भेटच झालेली नसते. कवितेविषयी कोणीतरी जे सांगितले, तेवढेच त्याच्या पदरी पडलेले असते. शाळेतील कवितेपुरते हे नुकसान थोडे आहे. पण ज्या ग्रंथाच्या आधारावर माणसाने आपले जगणे उभे करावयाचे, त्याही ग्रंथाची गत जर अशीच झाली, तर?

या प्रश्नाचे उत्तर देणारी एक मोठी मराठी स्त्री होऊन गेली. तिचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. परंतु तिच्या आयुष्यातील हा विशिष्ट भाग फारसा कोणी सांगत नाही. पंडिता रमाबाई म्हटले की विधवांचे आश्रम, केडगावचे मुक्तिसदन आणि धर्मांतराचे वादळ एवढेच आपल्याला आठवते. धर्मांतराचा वाद आज उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. एका आईने एका ग्रंथाचे वाचन कसे केले, बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे लोटल्यावर तिची श्रद्धा नव्याने कशी जागी झाली आणि त्या जागृतीतून तिने पुढे काय केले, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. आमचे हिंदू वाचक आणि ख्रिस्ती वाचक या दोघांनाही त्यात घेण्यासारखे काही आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला, तोही महाराष्ट्रात नव्हे; आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान वैदिक. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि त्याबद्दल स्वजनांचा रोष पत्करला. त्याच लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या लेकीला शिकविले. दिवसा घरकामातून सवड मिळत नसे, म्हणून पहाटे मुलीला उठवून त्या तिच्याकडून भागवताचे श्लोक म्हणवून घेत. ग्रंथाची पहिली ओळख रमाबाईंना आईच्या तोंडून झाली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आणखीही एक गोष्ट आपल्यासारख्या परप्रांतस्थ मराठी माणसांनी मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत सारा देश पायी हिंडत होते. रमाबाईंना मराठी अशी कोणी शिकविली नाही. आईवडील मराठी बोलत ते कानांवर पडे, आणि मराठी वृत्तपत्रे व पुस्तके वाचण्याची सवय होती; एवढ्यावर आपल्याला ती भाषा नीट आली, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. शाळा नाही, शिक्षक नाही, आजूबाजूस मराठी गाव नाही. केवळ घरातील बोलणे आणि हातातील वाचन!

दुष्काळात आईवडील गेले. थोरली बहीण गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास उपासमार सोशीत, पायी चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या तरुणीची विद्वत्ता पाहून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्याच शहरात एका ख्रिस्ती संमेलनात या भावंडांना बायबलची एक संस्कृत प्रत भेट मिळाली. रमाबाईंनी ती वाचून पाहिली. संस्कृत तर त्यांच्या जिभेवर नाचत होते. पण या पुस्तकातील संस्कृत त्यांच्या ओळखीच्या वाङ्मयाहून इतके वेगळे आणि त्यातील शिकवण इतकी अपरिचित होती की, हे वाचणे म्हणजे वेळ दवडणे आहे असे त्यांना वाटले. तथापि ती प्रत त्यांनी टाकून दिली नाही.

पुढे १८८० साली बंधू निवर्तले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि आसामातील सिलचर येथे संसार मांडला. १८८१ च्या एप्रिलमध्ये कन्या मनोरमा जन्मास आली. सिलचरच्या घरात, पतीच्या पुस्तकांमध्ये, त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. या वेळी मात्र वाचनात मन रमले. पण संसार दोन वर्षांचाही झाला नाही, तोच १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर वर्षाच्या आतील मूल. रमाबाई पुण्यास आल्या. तेथे आर्य महिला समाज स्थापन झाला, ‘स्त्री धर्मनीति’ हे पुस्तक झाले. त्याच सुमारास एका मिशनरी शिक्षिकेकडे इंग्रजी शिकताना नव्या कराराचेही वाचन झाले. १८८३ साली त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी तेथील धर्मभगिनी जे काम करीत, ते पाहून आणि योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा ऐकून त्यांचे मन या निर्णयाकडे वळले होते.

चरित्रकार बहुधा येथे एक प्रकरण संपवतात. पण स्वतः रमाबाई ते येथे संपले असे मानीत नाहीत. बाप्तिस्म्यानंतरची वर्षे त्यांनी फार झुंजून काढली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजातील डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, मनोरमेच्या धर्मशिक्षणात आईचा शब्द अखेरचा की धर्मगुरूंचा, अशा प्रत्येक मुद्द्यावर त्या नम्रपणे, परंतु ठामपणे वाद घालतात. स्वदेशातील पुरोहितांच्या जोखडातून महत्प्रयासाने मान सोडवून घेतलेली ही स्त्री, दुसऱ्या देशातील पुरोहितांच्या जोखडात ती अडकविण्यास तयार नव्हती. धर्मचिन्ह म्हणून गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत, असे जेव्हा ठरू लागले, तेव्हाही त्यांनी हरकत घेतली. लॅटिन मला समजत नाही आणि माझ्या देशभगिनींनाही समजणार नाही. काही लिहावयाचेच असेल तर ते संस्कृतात लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. वाचकांनी हा प्रसंगही लक्षात असू द्यावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

अमेरिकेचा दौरा आटोपून रमाबाई स्वदेशी परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास आले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की, आता यांना काय कमी आहे? कीर्ती आहे, कार्य आहे, जगभरातून मदत येत आहे. परंतु १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मकथनात त्यांनी या काळाविषयी जे सांगितले आहे, ते वाचून आम्ही थक्क झालो. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर मला कळून आले की, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता; पण त्या धर्माचा प्राण असा जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. आणि यात दुसऱ्या कोणाचाही दोष नव्हता. बायबल माझ्यासमोर उघडे होते. परंतु मी त्याला जितका वेळ द्यावयास हवा तितका दिला नाही. मी बायबलविषयी इतरांनी लिहिलेली पुस्तके फार वाचीत राहिले.

ज्या विदुषीला शेकडो नव्हे, हजारो श्लोक मुखोद्गत. जिने धर्मशास्त्रे मुळातून वाचून त्यांत स्त्रियांविषयी काय म्हटले आहे ते पारखले. ती म्हणते की, ज्या ग्रंथासाठी मी घरदार, समाज, प्रतिष्ठा सारे सोडले, तो ग्रंथच मी पुरेसा वाचला नव्हता! आमच्या वर्गातील ‘गाईड’चा प्रश्न येथे किती मोठा होऊन समोर येतो पाहा. एका पंथाचा पंडित एक सांगे, दुसऱ्याचा दुसरे; आणि या मतमतांतरांच्या गर्दीत मूळ आवाज ऐकू येईनासा झाला होता.

मग त्यांनी काय केले? काही चमत्कार झाला नाही. अमेरिकेहून परतल्यावर त्यांनी ती पुस्तके बाजूस सारली आणि बायबल रोज, नेमाने, वाचण्यास आरंभ केला. हा क्रम सुमारे दोन वर्षे चालला. आणि येथे एक अगदी खरी, अनुभवाची गोष्ट त्या सांगतात. या वाचनाने त्यांना एकदम शांती मिळाली नाही. उलट त्या फार अस्वस्थ झाल्या. आपल्यापाशी आहे ती श्रद्धा बुद्धीची आहे, तिच्यात जीव नाही, हे त्यांना टोचू लागले. त्या अस्वस्थतेतच, १८९१ च्या सुमारास, एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. वर्षानुवर्षे उपदेश करणाऱ्या त्या गृहस्थाला स्वतःचाच धर्म उशिरा उमगला होता. त्या आरशात रमाबाईंनी स्वतःला पाहिले. आपली विद्वत्ता, आपले कार्य, आपले त्याग यांपैकी काहीही पुढे न करता, रिकाम्या हातांनी देवापुढे उभे राहावयाचे असते, एवढे त्यांना उमजले; आणि मग जी शांती आली ती अखेरपर्यंत टिकली, असे त्या सांगतात. तेव्हा त्यांचे वय तेहतीस होते. पदरी दहा वर्षांची मुलगी होती आणि आश्रमातल्या कित्येक मुली त्यांना आईच मानीत होत्या.

श्रद्धा अशी जागी झाली की ती लपत नाही, आणि तिची किंमतही द्यावी लागते. शारदासदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळावयाची, असा करार होता. रमाबाई आपली प्रार्थना आणि वाचन स्वतःच्या खोलीतच करीत. परंतु खोलीचे दार त्या लावून घेत नसत. ज्या मुलींना यावेसे वाटे त्या येऊन बसत. हे उघडे दार पुण्यातील पुष्कळांना मानवले नाही. टीकेचे मोहोळ उठले. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. आपली लेक दुसऱ्याच्या स्वाधीन करणाऱ्याला काळजी ही वाटणारच. परंतु रमाबाईंचीही बाजू ऐकली पाहिजे. कोणावर सक्ती नसावी, हे त्यांना मान्य होते. पण आपल्याला जे सापडले ते दार लावून, चोरून वाचावे, हे त्यांच्या स्वभावात नव्हते. अशा प्रसंगी दोन्ही बाजूंना वेदना होतात, आणि तशा त्या झाल्या.

यानंतरचे केडगावचे पर्व सुपरिचित आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी अनाथ मुली आणल्या. मुक्तिसदनात जवळजवळ दोन हजार जीव पोसले जाऊ लागले. या मुलींमध्ये शेतकऱ्यांच्या मुली होत्या, मजुरांच्या होत्या. अक्षराशी ज्यांच्या घराण्याचा कधी संबंध आला नाही अशा होत्या. त्यांना वाचावयास शिकविले गेले. पण वाचावयाचे काय? त्या काळी प्रचलित असलेले मराठी बायबल पंडितांच्या सल्ल्याने सिद्ध झालेले, संस्कृतप्रचुर. नुकतीच अक्षरे जुळवू लागलेली मुलगी त्यातील जोडाक्षरांवर अडखळे. रमाबाईंना कलकत्त्यातील ती संस्कृत प्रत खासच आठवली असावी. समोर ग्रंथ आहे, पण भाषेची भिंत मध्ये उभी आहे, ही व्यथा त्यांनी स्वतः भोगली होती.

म्हणून चाळिशी उलटलेल्या या बाईने हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सर्व बायबल मूळ भाषांतून नव्याने मराठीत आणण्याचे काम १९०५ च्या सुमारास हाती घेतले. जिने एके काळी क्रुसावर संस्कृत अक्षरे असावीत म्हणून वाद घातला, तीच आता ग्रंथातील संस्कृत शब्द वेचून बाजूस काढू लागली! वरवर पाहता हा विरोध वाटेल. पण विचार केला तर दोन्ही ठिकाणी त्यांचे म्हणणे एकच आहे. माझ्या बहिणींना समजणार नाही ते मला नको. इंग्लंडात असताना त्यांच्या डोळ्यांपुढे संस्कृत जाणणारा देश होता. केडगावात त्यांच्या डोळ्यांपुढे चुलीपाशी बसून अक्षरे लावणारी बाई होती. भाषांतर अशा बाईसाठी व्हावयाचे होते, की जिला कोणाही पुराणिकाकडे, पाद्र्याकडे वा पंडितेकडे अर्थ विचारावयास जावे लागू नये. खिळे जुळविले, छापले, बांधले ते मुक्तीमधील स्त्रियांनीच.

हे काम पंधरा-सोळा वर्षे चालले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, आईच्या आधी गेल्या. गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे शाळा उभारून त्यांनी आईचे कार्य निजामी मुलखापर्यंत नेले होते. मुक्तीचा भार त्यांच्यावरच सोपवावयाचा असे रमाबाईंच्या मनात होते. एकुलती एक लेक. जिला कडेवर घेऊन पुण्यास आल्या, जिच्यासह बाप्तिस्मा घेतला, ती. त्यानंतरचे जे आठ-नऊ महिने रमाबाईंना लाभले, त्यांत ही वृद्ध, थकलेली, बहिरेपणाने गांजलेली आई मुद्रिते तपासीत राहिली. अखेरची मुद्रिते हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे त्यांनी झोपेतच देह ठेवला. ग्रंथ त्यांच्या पश्चात १९२४ साली बाहेर पडला.

भाषेचा अभ्यासक म्हणून एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. रमाबाईंचे भाषांतर वाङ्मयीन दृष्ट्या सर्वत्र सरस उतरले आहे, असे नाही. मुळाला शब्दशः धरून राहण्याच्या आग्रहाने काही ठिकाणी वाक्ये अवघडली आहेत. मंडळ्यांमधून पुढे बायबल सोसायटीच्याच आवृत्त्या अधिक रूढ राहिल्या. परंतु एका स्त्रीने, स्त्रियांसाठी, मूळ भाषांतून संपूर्ण बायबल आपल्या भाषेत आणावे, याला आमच्या वाङ्मयात दुसरी जोड नाही. तिचे यश मोजावयाचे ते प्रतींच्या संख्येवरून नव्हे, तर तिने काय हवे म्हणून मागितले त्यावरून.

वाचकांपैकी कोणी म्हणेल की, रमाबाई पंडिता होत्या. त्यांची गोष्ट निराळी. तर मग लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहावे. लहानपणी शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई. १८९५ साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लहानग्या मुलाला घेऊन ती वर्षानुवर्षे वेगळी राहिली. पतीने धर्म बदलला म्हणून तिने बदलला नाही. स्वतःच्या मनाशी झगडून, जातिभेदाचा स्वतः विचार करून, १९०० साली तिने आपला निर्णय घेतला. पुढे ‘स्मृतिचित्रे’सारखे आत्मचरित्र तिच्या हातून झाले आणि टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ही तिने पूर्ण केले. विद्वत्ता असो वा नसो, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मानावयाचे नाही, हा गुण दोघींचा सारखा.

आणि ज्यांची नावे कोठेही छापून येणार नाहीत, अशाही बायका आहेत. आमच्या शाळेत काही वर्षे आमच्या सहकारी असलेल्या एका ख्रिस्ती शिक्षिका होत्या. दोन मुलांची आई. पतीच्या दीर्घ दुखण्यानंतर त्यांचे मन कोरडे पडले होते. रविवारी उपासनेस जात, गीते म्हणत, मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेत. पण आत काही हलत नसे, आणि हे कोणाला सांगावयाची सोय नव्हती. आईनेच जर म्हटले की माझा विश्वास ढळला आहे, तर मुलांनी कोणाकडे पाहावे? शेवटी त्यांनी सासूबाईंचे मराठी बायबल काढले आणि नळाला पाणी येण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात मार्ककृत शुभवर्तमान वाचण्यास सुरुवात केली. ते चारींमध्ये लहान, सोळाच अध्यायांचे. रोज एक अध्याय; अर्थ लागो वा न लागो.

आठ दिवस काही झाले नाही, असे त्या म्हणाल्या. नवव्या अध्यायात एक बाप आहे. त्याचा मुलगा लहानपणापासून झटक्यांनी पछाडलेला. शिष्यांनाही तो बरा करता आला नाही. विश्वास आहे का, असे विचारल्यावर तो बाप ओरडून सांगतो की, विश्वास आहे आणि अविश्वासही आहे, त्या अविश्वासात मला साहाय्य कर. बाई त्या ठिकाणी थांबल्या. हे वचन त्यांनी उपदेशांतून अनेकदा ऐकले होते. पण या वेळी ते कोणी त्यांना ऐकवीत नव्हते; त्या आणि तो बाप, दोघेच समोरासमोर होते. अर्धामुर्धा विश्वास घेऊन आलेल्या त्या बापाला कोणी परत पाठविले नाही, त्याचे मूल बरे झाले, हे त्यांनी पुन्हा पुन्हा वाचले. मग मागे जाऊन सातव्या अध्यायातील परदेशी आई वाचली. लेकीसाठी ती प्रभूशीसुद्धा वाद घालते आणि जिंकते. ‘सर, आईबापांची ही भांडणे त्यात आहेत, हे मला आजवर ठाऊकच नव्हते,’ असे त्या आम्हांस म्हणाल्या. त्यांच्या घरचे दुखणे त्यामुळे नाहीसे झाले नाही. पण त्या दुखण्यात आपण एकट्या नाही, हे त्यांना कळले. आणि जी प्रार्थना त्या मुलांसाठी म्हणत होत्या, ती स्वतःसाठीही म्हणू लागल्या.

त्यांची एकच खंत होती, आणि ती आपल्यापैकी पुष्कळांची आहे. मुले इंग्रजी माध्यमात. बोलतात मराठी, पण मराठीचे पान वाचावयास दिले तर तिसऱ्या ओळीला थकतात. ‘माझ्यानंतर हे पुस्तक कोण उघडणार?’ असे त्या विचारीत. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, कोठेही जा. ज्ञानेश्वरी असलेल्या घरातही हाच प्रश्न आहे. आजी गेली की ग्रंथ कपाटात जातो, आणि एक पिढी लोटली की कपाटातूनही जातो.

यावर आमचे उत्तर रमाबाईंच्याच चरित्रातले आहे. त्यांना मराठी शाळेने दिली नाही. आईवडिलांच्या बोलण्याने दिली. मुलाला वाचता येत नसेल तर आईने वाचावे आणि मुलाने ऐकावे. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे. एक कथा, एक अभंग, एक अध्याय. उपदेश नको, प्रश्नोत्तरे नकोत, परीक्षा तर नकोच. त्या बाईंनी तसे केले. मुलांपैकी धाकट्याने काही महिन्यांनी पुढे काय झाले ते कळावे म्हणून पुस्तक स्वतःच ओढून घेतले आणि अडखळत का होईना, वाचू लागला. कान तयार झाला की डोळा मागोमाग येतो, हा आम्हां शिक्षकांचा जुना अनुभव आहे.

गोव्यात १६१६ साली फादर स्टीफन्स यांनी आपले ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले, १८११ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार निघाला, आणि शतकानंतर केडगावच्या मुलींनी आपल्या हातांनी खिळे जुळविले. धर्म कोणताही असो, माणसाला देवाचे बोलणे आपल्या घरच्या भाषेत ऐकावेसे वाटते, याचा हा चारशे वर्षांचा पुरावा आहे. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली ती याच ओढीने.

म्हणून आमच्या भगिनींना, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, आमची विनंती आहे की, घरात जो ग्रंथ असेल तो या महिन्यात एकदा खाली काढावा. त्यावरील टीका, प्रवचने, व्याख्याने पुढे सवडीने पाहावीत. ती वाईट नाहीत, पण ती नंतरची. आधी मूळ ओळ वाचावी. पहिल्या आठ दिवसांत मन रमले नाही, उलट अस्वस्थ झाले, तरी घाबरून सोडू नये. रमाबाईंना त्याच अस्वस्थतेत दोन वर्षे काढावी लागली. आणि वाचताना दार लावून घेऊ नये. मुले येतील, उंबऱ्यावर थांबतील, कदाचित आत येऊन बसतील. त्यांना काही समजावून सांगण्याची घाई न करता आवाज थोडा मोठा करावा, म्हणजे झाले.